मोकळं हाय

जयदीपनं शर्ट वर केला, कमरेचं पिस्तूल उपसलं आणि पाटावर कोयता आणि मोटारीच्या पान्याच्या मधोमध ठेवलं. मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि आईकडं बघून म्हणाला,

"मोकळं हाय."

शालनबाईंनी पदर खोचला आणि हळदीकुंकवाची कोयरी पुढं ओढली. खंडेनवमीच्या पूजेला या घरात पूर्वी नांगराचा फाळ असायचा. आता फाळ नव्हता, कारण नांगरायला जमीन नव्हती. निघोजेच्या शिवारातल्या त्या जमिनीवर कंपन्यांच्या शेड उभ्या होत्या आणि उरलेल्या तुकड्यावर कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्या. पाटावर फाळाच्या जागी गाडीची किल्ली आली होती, आणि परवाना मिळाल्यापासून हे पिस्तूल. शालनबाई त्याला 'वस्तू' म्हणत. कोयत्याला कोयता म्हणत, पान्याला पाना, पण पिस्तुलाला वस्तू.

"अहो, चेंबर बघितलं का?" प्राजक्ता सोफ्यावरून म्हणाली.

सोफा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता आणि आज तिनं तिथंच बसायचं होतं, कारण तिला अडचण होती. जुन्या घरात अशा दिवसांत बायका पडवीत बसत. बंगला बांधताना पडवी पाडली, अडचण तेवढी राहिली आणि तिची सोय सोफ्यावर झाली. देवघर, स्वयंपाकघर आणि आजचा पाट सोडून सुनेनं कुठंही फिरावं, टीव्ही बघावा, आमचं काही म्हणणं नाही, असं शालनबाई शेजारणींना मोठ्या उदारपणे सांगत.

"मॅगझिन काढलंय. दिसत न्हाई का तुला?" जयदीप म्हणाला.

"मॅगझिन काढलं तरी आत एक गोळी राहते. तुम्ही आत भरून फिरता. स्लाइड मागं ओढून दाखवा."

"हितं काय रेंज हाय व्हय?"

नेमबाजीची रेंज हा प्राजक्ताला मारायचा त्याचा नेहमीचा टोमणा होता. तळेगाव दाभाड्याची ही पोरगी कॉलेजात असल्यापासून नेमबाजी करायची. राज्य पातळीवर पदकं मिळवली होती, खेळाडू म्हणून तिच्या स्वतःच्या नावावर शस्त्रपरवाना होता, आणि आता पिंपळे सौदागरच्या एका शाळेत ती मुलांना एअर पिस्तूल शिकवत होती. लग्नात माईकवरून 'नेमबाज सूनबाई' म्हणून तिचा सत्कार झाला. त्यानंतर या घरात नेमबाजीतलं तिला कुणी काही विचारलं असेल तर ते एवढंच, की पदकं सोन्याची असतात का.

शाळेत ती पहिला महिनाभर पोरांना छर्रा देत नसे. पिस्तूल धरायचं, नळी भिंतीकडं, बोट चापाच्या बाहेर सरळ. 'मोकळं आहे' असं तोंडानं म्हणायचं नाही, उघडून दाखवायचं, आणि ते शेजारच्यानं डोळ्यांनी बघायचं. पालक कुरकुरत की बोट सरळ ठेवायची कसली फी. ती हसून घ्यायची, पण छर्रा द्यायची नाही.

जयदीपनं पिस्तूल घेतलं ते जिवाला धोका आहे म्हणून. अर्जात तसं लिहिलं होतं. धोका कुणापासून हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. जागेच्या व्यवहारात दुष्मन असतातच, एवढंच तो म्हणायचा. हत्यार हाताळायचं शिकल्याचा दाखला लागतो म्हणून तो मित्रांसोबत एका सकाळी गेला होता आणि झणझणीत मिसळ खाऊन परत आला होता. दाखला मागाहून आला. हे हत्यार कपड्याआड दडवून बाळगायचं असतं, आणि जयदीप ते दडवायचाच. फक्त खाली वाकलं की दिसावं, इतपत शर्ट आखूड शिवून घ्यायचा. येत्या जिल्हा परिषदेला तो उभा राहणार होता. चौकात 'भावी सदस्य' म्हणून फ्लेक्स लागला होता, आणि भावी माणसाला कमरेला काहीतरी लागतंच.

प्राजक्तानं त्याला चापाचा भाग पूर्ण झाकणारं चामड्याचं घट्ट कव्हर आणून दिलं होतं. ते तिच्या पदकांच्या कपाटात पडून होतं. तो पिस्तूल तसंच उघडं पँटमध्ये खोचायचा, तेही आत गोळी चढवून. "येळ आली तर खेचत बसू का?" असं म्हणायचा. वेळ कुठली, ते प्राजक्ताला कधी कळलं नाही.

ती सोफ्यावरून उठली आणि पाटाच्या कडेपर्यंत आली.

"आगं ए! मागं हो!" शालनबाईंनी आडवा हात धरला. "काय सांगायचं त्ये तिथनं सांग."

"आई, क्षणाचं काम आहे. मी फक्त उघडून बघते."

"आज देवाचं हाय त्ये. बाटवू नगंस."

सासरे सोनबा पाटाजवळच खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसता येत नसे.

"बघू दे की तिला," ते हळूच म्हणाले. "तिला कळतंय त्यातलं."

"कळतंय म्हनून काय इटाळ जातो व्हय?"

"बरं, ऱ्हाऊ दे मग," सोनबा म्हणाले. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. बरोबर ते बोलून दाखवायचे आणि मग खुशाल सोडून द्यायचे.

प्राजक्ता सोफ्यावर परत गेली. जाताना जयदीपला म्हणाली, "निदान तुम्ही तरी ओढून बघा." तो मोबाइलवर कुणाला तरी खंडेनवमीच्या शुभेच्छा पाठवत होता.

शालनबाईंनी साऱ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग झेंडूच्या माळा घेतल्या. कोयत्याला मुठीभोवती बांधली, पान्याला त्याच्या भोकातून. पिस्तुलाला दोरा ओवायला जागा शोधली, तर जागा समोरच होती. चापाभोवतीच्या कडीतून त्यांनी दोरा घातला, ओढून घेतला आणि गाठ मारली.

"तिथून नको!" प्राजक्ता ओरडली. "आई, चापातून दोरा नका ओवू!"

"मग कशातनं ओवू, तुझ्या नाकातनं?"

जयदीप मोठ्यानं हसला. सोनबाही हसले, आणि मग सुनेकडं बघून गप्प झाले.

आरती झाली. नारळ फुटला, त्याचं पाणी साऱ्यांवर शिंपडलं गेलं. खाली गाडीपाशी पोरं हॉर्न वाजवायला लागली. भावी सदस्यांना आज चार-दोन कंपन्यांच्या गेटवर पूजेला जायचं होतं आणि तिथं रिकाम्या कमरेनं जाऊन चाललं नसतं. जयदीप वाकला आणि त्यानं पाटावरून पिस्तूल उचललं. माळ कोयत्याच्या मुठीखाली अडकली होती. त्यानं हिसका दिला.

ग्रॅनाइटच्या त्या हॉलमध्ये आवाज फार मोठा झाला. सोनबा आपल्या पायाकडं बघत राहिले. पांढऱ्या मोज्यावर लाल डाग पसरत होता आणि तो आपलाच आहे हे त्यांना उशिरा कळलं.

पाट ओलांडून प्राजक्ता धावली. आता तिला कुणी अडवलं नाही. जयदीप जागच्या जागी उभा होता, हातात पिस्तूल, नळी आईच्या पोटाकडं, आणि तो "मोकळं हुतं... मोकळं हुतं..." एवढंच म्हणत होता.

"बोट काढ!" ती ओरडली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं. "खाली कर ते!"

तिनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं, स्लाइड ओढली, आत बघितलं, बोट घालून चाचपलं, आणि नळी भिंतीकडं करून फरशीवर ठेवलं. आता ते खरंच मोकळं होतं. मग ओढणीची घडी करून तिनं सासऱ्यांचा पाय दाबून धरला.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गोळी पंजातून आरपार गेली, पाय वाचेल, चाल मात्र पहिल्यासारखी राहणार नाही. बंदुकीची जखम म्हटल्यावर पोलिसांना कळवणं भाग होतं. जयदीप बाहेरच्या बाकावर वकिलाशी बोलत होता. फोन ठेवून तो प्राजक्ताजवळ आला. बंगल्यातला त्याचा चढा आवाज आता राहिला नव्हता, बराच खाली आला होता.

"वकील काय म्हणतोय, माझ्या हातनं सुटली म्हटलं तर गुन्हा हुतो, परवाना जातो. उभं ऱ्हाणं तर गेलंच. पण तुझ्याकडं खेळाचा परवाना हाय. पूजा झाली, तू पाटावरचं पिस्तूल साफ करायला घेतलंस, नजरचुकीनं सुटली. जाणकार माणसाची नजरचूक. त्यात काय न्हाई व्हायचं."

"तुम्हाला नाही व्हायचं. माझा परवाना जाईल. शाळा जाईल."

"शाळेचं काय येवढं? घरात काय कमी हाय तुला?"

"अहो, सासऱ्याच्या पायात गोळी घातलेल्या बाईकडं कोण पोरं पाठवेल? मी शिकवते काय, ते तरी माहितीय का तुम्हाला?"

त्याला माहीत नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं. शालनबाई डोळे पुसत होत्या, पण आवाज कोरडा होता.

"घरात ऱ्हायाचं तर घराचं झाकावं लागतं बाई. त्ये जमत नसंल तर मोकळी हो. आमी कुनाला बांधून न्हाई ठेवलं."

'मोकळी हो' म्हणजे काय, ते या भागात शाळकरी पोरीलाही कळतं. तळेगावला वडिलांना फोन करावा म्हणून प्राजक्तानं मोबाइल हातात घेतला, तोच नर्स सांगत आली की आजोबा सूनबाईंना बोलावतायत.

सोनबांचा पाय उशीवर उंच ठेवला होता. या घरातला हा एकच माणूस तिच्या स्पर्धांना यायचा. कानात कापसाचे बोळे घालून मागच्या खुर्चीवर बसायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या नेमाला टाळ्या वाजवायचा. घरी परतताना गाडीत विचारायचा, "आज बरी लागली न्हवं?" आणि बरी लागली म्हटलं की लहान पोरासारखा खूश व्हायचा.

"जयदीप बोलला का तुला?"

"बोलले."

"हसतील गं त्याला, पोरी. गावभर हसतील. कमरंला पिस्तूल लावून हिंडतो आन् बापाचाच पाय फोडला म्हनतील. जन्माचं नाव पडंल." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तुला कोन न्हाई हसायचं. येवढी हुशार बाई, चुकली एकदा, म्हनतील."

"पण आबा, मी चुकले नाही."

"म्हाईत हाय की मला."

"मी सांगत होते. तुमच्यासमोर सांगत होते."

"म्हाईत हाय, म्हनूनच तुझ्याकडं मागतोय. त्याला मागून काय उपेग?"

तिला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की रडूच फुटलं. ओरडणाऱ्या माणसाला ओरडून उत्तर देता येतं. हे असं गोड बोलून आपला गळाच मागणाऱ्याला काय द्यायचं? त्यानं सकाळी ते 'बघू दे की तिला' एकदाच जरा जोरात म्हटलं असतं, तर आता हा पाय इथं उशीवर नसता. ती हे बोलणार होती. पण त्यांच्या पायावरची चादर सरकली होती, ती तिनं सारखी केली. चादरीखाली बँडेजमधला पंजा दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या पोरासारखा दिसत होता.

"बरं," ती म्हणाली.

पोलीस ठाण्यातही सकाळी पूजा झाली होती. कपाटाच्या मुठीला झेंडू, संगणकाला झेंडू. फौजदार मंजुषा थिटे टेबलामागं बसल्या होत्या. प्राजक्ताची नजर आधी त्यांच्या कमरेकडं गेली. पिस्तूल कव्हरमध्ये होतं, कव्हरचं बटण लावलेलं होतं. माळ नव्हती. तिला उगाच बरं वाटलं.

जयदीप आणि शालनबाई बाहेर बाकावर बसले. प्राजक्तानं जबाब सांगितला. पूजा आटोपल्यावर मी पाटावरचं पिस्तूल साफ करायला उचललं, आत गोळी असल्याचं लक्षात आलं नाही, नजरचुकीनं चाप ओढला गेला. वाक्य वकिलाचं होतं आणि ते तिनं न अडखळता म्हटलं. थिटेबाईंनी लिहून घेतलं.

"तुम्ही नेमबाजी शिकवता ना?"

"हो."

"लहान मुलांना?"

"हो."

"मग जरा दाखवा मला, नेमकं कसं धरलं होतं. तुमचं पिस्तूल सील झालंय, ते काही मला देता येणार नाही." त्यांनी खण उघडला आणि टिकल्या उडवायचं एक पत्र्याचं पिस्तूल टेबलावर ठेवलं. लाल मूठ, वर चांदणी. "भाचीला घेतलंय, दिवाळीसाठी. टिकल्या नाहीयेत आत. घ्या."

प्राजक्तानं ते उचललं. नळी टेबलावरूनच भिंतीकडं वळवली. वरचं झाकण उघडून टिकल्यांच्या खाचेत बघितलं, मान तिरकी करून परत एकदा बघितलं, बंद केलं. हात स्थिर झाला. बोट चापाबाहेर पत्र्यावर सरळ लागलं होतं.

थिटेबाई पेन हातात धरून बघत होत्या.

"मी सांगितलं होतं, टिकल्या नाहीत म्हणून."

"हो."

"तरी बघितलंत."

प्राजक्तानं झाकण नीट बसलंय का ते अंगठ्यानं दाबून बघितलं.

"बरं, आता गोळी कशी सुटली ते दाखवा."

तिनं बोट वाकवलं. ते कडीच्या तोंडाशी आलं आणि थांबलं. भिंतीपलीकडं कोण बसलंय, तिला माहीत नव्हतं. हे खेळणं आहे, भाचीचं आहे, आबांना शब्द दिलाय, असं तिनं त्या बोटाला सांगून बघितलं. बोट परत पत्र्यावर जाऊन सरळ झालं.

"गडबडीत गेलं असेल आत," ती म्हणाली.

"असेल," थिटेबाई म्हणाल्या. खेळणं तिनं टेबलावर ठेवलं, तेव्हाही त्याची नळी भिंतीकडंच होती, हे त्यांनी बघितलं असावं. "तुमच्या सासूबाईंची सही राहिलीय. त्यांना बोलावते."

शालनबाई आत आल्या त्या पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. बाकावर बसून त्यांनी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आणि विसरायच्या आत एकदाचं म्हणून टाकायची त्यांना घाई होती. जयदीप दारात येऊन उभा राहिला.

"मी वाचते, बरोबर असेल तर सही करा," थिटेबाई म्हणाल्या. "आज सकाळी घरी खंडेनवमीची पूजा होती."

"व्हय."

"पूजा आटोपल्यावर सून प्राजक्ता हिने पूजेच्या पाटावरील पिस्तूल साफ करण्यासाठी उचलले..."

"थांबा," शालनबाई म्हणाल्या. "पाटावरचं नगा लिहू."

"का? पाटावर नव्हतं?"

"व्हतं की. पर पाटावरचं तिनं उचललं असं नगा लिहू."

"आई," जयदीप दारातून म्हणाला.

"तू गप रं! देवाच्या पाटाचं खोटं लिहून देऊ व्हय मी?" शालनबाईंचा आवाज चढला. सकाळपासून पहिल्यांदाच त्या आपल्या ओळखीच्या मुद्द्यावर आल्या होत्या. "बाई, तिला अडचन हाय कालपासनं. सोफ्याच्या खाली उतरू दिली न्हाई मी तिला. आली व्हती हात लावाया, हितं, अश्शी आडवी झाले मी. मागं हो म्हनलं. इचारा की तिला! माझ्या घरात असल्या दिसात पूजंला हात लावलेला मी खपवून घेईन व्हय? मी काय धर्मबुडवी हाय?"

"म्हणजे त्या पिस्तुलापर्यंत पोहोचल्याच नाहीत?"

"पोचंल कशी? मी बसलेली न्हवं का तिथं!"

त्यांनी अभिमानानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. बाहेर कुठंतरी वायरलेस खरखरत होता.

"मग उचललं कुणी?" थिटेबाईंनी विचारलं.

शालनबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर दाराकडं गेली, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. जयदीपनं शर्टाचं टोक दोन्ही हातांनी खाली ओढून धरलं होतं. सवयीनं. आज तिथं झाकायला काही नव्हतं.

थिटेबाईंनी लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला.

"जयदीपशेठ, तुम्ही इथं या, बसा. आजी, तुम्ही पण थांबा." मग त्या प्राजक्ताकडं वळल्या आणि रोज कितीतरी जणांना म्हणत असतील तसं सहज म्हणाल्या, "तुम्ही जा मॅडम. तुम्ही मोकळ्या."

प्राजक्ता उठली. हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. सकाळी तिनं घसा फोडून सांगितलं ते कुणी ऐकलं नव्हतं. आत्ता तिच्या हातानं या टेबलावर सांगितलं, ते एकीनं बघितलं खरं, पण कागदावर ते कुठंच नव्हतं. कागदावर उद्या असणार होतं ते हे, की बाईला अडचण होती, म्हणून ती निर्दोष. ज्या गोष्टीनं आबांचा पाय फुटला, त्याच गोष्टीनं ती सुटली होती. ती शिकली काय, शिकवते काय, यात त्याचा कुठं संबंधच आला नाही. आबांना दिलेला शब्द तेवढा तिनं पाळला होता. तो मोडला त्यांच्याच कारभारणीनं, आणि तेही पुण्य समजून.

ती दाराकडं निघाली. शालनबाई वाटेत उभ्या होत्या. त्या भेदरल्या होत्या, काय होऊन बसलं ते आता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं. आणि तशातही, सून जवळून जाणार म्हणताना, तिचा स्पर्श होऊ नये म्हणून त्यांनी आपला पदर आवरून घेतला.

प्राजक्ता थांबली. आवरलेल्या त्या पदराकडं तिनं बघितलं. मग मागं फिरली आणि जयदीप बसायच्या आत त्याच खुर्चीत बसली.

"माझा जबाब राहिलाय," ती म्हणाली.

"आता गरज नाही त्याची," थिटेबाई म्हणाल्या. "तुम्ही तर तिथं नव्हताच."

"मी सोफ्यावर होते. तिथून सगळं दिसत होतं."

जयदीप काहीतरी बोलायला गेला, पण थिटेबाईंनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला. पेनाचं टोपण काढलं.

"सांगा."

"लिहा," प्राजक्ता म्हणाली. "'मोकळं हाय,' असं ते म्हणाले. मी म्हटलं, उघडून दाखवा."